पाळी गेल्यानंतरचे हॉर्मोन्स : कोणते, कुठल्या वाटेने आणि किती काळ

गणपतीच्या आठवडाभर आधी कुठल्याही मेडिकलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागणाऱ्या बायका दिसतील, बायकोसाठी त्याच गोळ्या न्यायला आलेले नवरेही दिसतील. चिठ्ठी बहुतेकांजवळ नसते. त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं हॉर्मोन असतं, पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घ्यायची असते, आणि एवढ्या मात्रेत ते रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडाफार वाढवतं. हे ना कोणी विचारत, ना कोणी सांगत. पुढे त्यातल्याच एखादीची पन्नाशी येते, रात्रीतून तीनदा घामाने गाऊन भिजतो, झोपेचं खोबरं होतं. डॉक्टर म्हणतात, 'हॉर्मोन्स सुरू करून बघू या का?' तेव्हा तिच्या तोंडून निघणारा पहिला शब्द असतो 'कॅन्सर'.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. तिला तारीख आहे, जुलै २००२. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्यातल्या १६,६०८ बायकांच्या एका गटात निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हॉर्मोन) एकत्र असलेली गोळी दिली जात होती, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसल्यावर हा भाग मुदतीआधी थांबवला गेला. 'धोका २६ टक्क्यांनी वाढला' अशा बातम्या जगभर झळकल्या आणि लाखो बायकांनी रातोरात गोळ्या सोडल्या. टक्केवारी खोटी नव्हती. पण तोच निष्कर्ष असाही मांडता येतो : दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. म्हणजे आठ जास्त. हृदयविकार सात, पक्षाघात आठ आणि फुप्फुसातल्या गुठळ्या आठ जास्त. खुब्याचं हाड मोडण्याचे प्रकार पाच कमी आणि मोठ्या आतड्याचे कॅन्सर सहा कमी.

या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ झालेला. औषधही जुन्या पद्धतीचं होतं. त्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं होतं, प्रोजेस्टिन कृत्रिम होतं, आणि दोन्ही तोंडाने घ्यायचं. गर्भपिशवी काढलेल्या बायकांना ज्या दुसऱ्या गटात नुसतं इस्ट्रोजेन दिलं गेलं, तिथे स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, दीर्घकाळच्या पाहणीत उलट थोडा कमीच आढळला. ही बातमी पहिल्या पानावर आली नाही. पुढे वयानुसार आकडे वेगळे काढल्यावर चित्र बरंच पालटलं. वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, त्रास खरोखरचा असेल आणि हॉर्मोन्स वर्ज्य ठरवणारा आजार नसेल, तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त होतो, असं आज जगभरच्या तज्ज्ञ संस्था सांगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही या औषधांच्या पाकिटांवरचे हृदयविकार आणि स्तनाच्या कॅन्सरबद्दलचे काळ्या चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. एक इशारा मात्र ठेवला. तो का ठेवला, ते पुढे येईलच, कारण निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

म्हणून सगळ्यांनीच हॉर्मोन्स घ्यावेत का? नाही. पाळी जाणं हा आजार नाही, आणि अनेकींची पाळी कुरबूर न करता निघून जाते. कातडी तजेलदार दिसावी, हृदय सांभाळलं जावं, म्हातारपणी विसरभोळेपणा येऊ नये, एवढ्यासाठी हे औषध घेण्यात अर्थ नाही. अंगातून वाफा निघणं, घाम फुटणं, त्यापायी झोप उडणं आणि योनीमार्गातला कोरडेपणा ही त्याची खरी कामं. हाडं ठिसूळ होण्यालाही ते आळा घालतं. वाफांवर तर याइतकं चालणारं दुसरं औषध नाही. त्यांची संख्या साधारण तीन चतुर्थांशाने कमी होते.

आधी खात्री करा

भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्रास मात्र त्याच्या दोन-चार वर्षं आधीच, पाळी मागेपुढे होत असतानाच सुरू होऊ शकतो. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला वाफा येत असतील आणि पाळीचं वेळापत्रक बिघडलं असेल, तर निदानासाठी एफएसएचची रक्ततपासणी लागत नाही. त्या वयात हे हॉर्मोन आठवड्या-आठवड्याला वरखाली होतं, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर मात्र तपासणी हवीच.

दुसरीकडे, घाम आणि थकवा दिसला की प्रत्येक गोष्ट पाळीच्या खात्यावर टाकायचीही आपल्याला सवय आहे. थायरॉइड वाढलं तरी घाम येतो आणि छातीत धडधडतं. हिमोग्लोबिन आठवर आलं तरी गळून गेल्यासारखं होतं. आणि रात्रीच्या घामासोबत वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, खोकला हटत नसेल, तर आपल्या देशात आधी क्षयरोगाचा विचार करायचा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, गरज वाटल्यास छातीचा एक्स-रे, एवढ्यात बऱ्याच शंका मिटतात.

पाळी अकाली गेलेल्या बायकांची गोष्ट वेगळी, आणि ती महाराष्ट्राला नवीन नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या कशा सर्रास काढल्या जातात, हा विषय २०१९ मध्ये विधान परिषदेत गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाईला सहसा एवढंच ठाऊक असतं की 'पिशवी काढली'. सोबत अंडाशयही काढले का, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा आणि डॉक्टरांना नेमका हाच प्रश्न विचारा. दोन्ही अंडाशय गेले असतील तर शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन एकदम खाली येतं आणि हाडं व हृदय या दोन्हींची झीज लवकर सुरू होते. अशा बाईने, कॅन्सरसारखं काही आड येत नसेल तर, पाळी एरवी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत हॉर्मोन्स घ्यावेत असाच सल्ला असतो. ६३ वर्षांच्या अमेरिकन बायकांचे धोक्याचे आकडे ३६ वर्षांच्या बाईला लावायचे नसतात. तिला मिळतंय ते शरीराने एरवीही तयार केलंच असतं. अंडाशय शाबूत असले तरी पिशवी काढलेल्या बाईची खूण हरवलेली असते. पाळीच नाही, मग ती थांबली कधी हे कळणार कसं? तिने वाफा आणि झोप यांवर लक्ष ठेवायचं.

पिशवी आहे की नाही?

निवडीचा पहिला फाटा इथे फुटतो. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भपिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत साठच्या दशकात 'चिरतरुण राहा' म्हणून नुसतं इस्ट्रोजेन मुक्तहस्ते वाटलं गेलं, आणि १९७५ मध्ये पिशवीच्या कॅन्सरचे निष्कर्ष छापून आले तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. अमेरिकन औषध प्रशासनाने ठेवलेला तो एक इशारा याच गोष्टीचा. म्हणून पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. पिशवी काढलेली असेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. अपवाद आहेत. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्यांना कधी कधी दोन्ही दिली जातात.

प्रोजेस्टेरॉनचे प्रकार बरेच आहेत, आणि औषध 'मानवलं नाही' अशी तक्रार अनेकदा यातूनच येते. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन शरीरातल्या हॉर्मोनसारखंच असतं. त्याची कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायची, कारण तिने गुंगी येते. झोप उडालेल्या बाईला ही गुंगी पथ्यावरच पडते. दुसरं डायड्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भपाताची भीती असताना दिली जाणारी, बऱ्याच घरांत 'डुफास्टन' म्हणून माहीत असलेली गोळी. जुन्या कृत्रिम प्रोजेस्टिनपेक्षा या दोन्हींमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी असावा, असं निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे परवडत असेल तर पहिली पसंती यांनाच द्यावी, असं मला वाटतं. तिसरा पर्याय पिशवीत बसवायच्या, लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणाऱ्या तांबीसारख्या साधनाचा. पाळी जायच्या आधी खूप रक्तस्राव होत असेल तर हे चांगलं. अस्तरही पातळ राहतं आणि गर्भनिरोधही होतो. अस्तर राखण्यासाठी ते पाच वर्षं चालतं.

इथे एक गोष्ट घोकून ठेवायला हवी. प्रोजेस्टेरॉनने पोट फुगतं, स्तन जड होतात, काहींची चिडचिड वाढते. मग काही जणी इस्ट्रोजेनची जेल 'बरी वाटते' म्हणून चालू ठेवतात आणि रात्रीची कॅप्सूल परस्पर बंद करतात. हे करू नका. कॅप्सूल सोसत नसेल तर प्रकार बदलता येतो, दुसऱ्या वाटेने घेता येते. डॉक्टरांना न सांगता ती एकटी सोडणं म्हणजे पिशवी उघड्यावर टाकणं.

पाळी अजून अधूनमधून येत असेल किंवा थांबून वर्ष झालं नसेल, तर इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले बारा ते चौदा दिवस, साधारण २०० मिलिग्रॅम, अशी पद्धत असते. ते दिवस संपले की पाळीसारखा रक्तस्राव होतो आणि तो अपेक्षितच असतो. पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल तर दोन्ही रोज, प्रोजेस्टेरॉन १०० मिलिग्रॅम. या पद्धतीत हळूहळू रक्तस्राव पूर्ण थांबतो. पाळी चालू असतानाच दुसरी पद्धत सुरू केली तर वेळी-अवेळी डाग पडत राहतात आणि बाई वैतागून सगळंच सोडून देते. त्यामुळे डॉक्टरांना शेवटच्या पाळीची तारीख नक्की सांगा, अंदाजपंचे नको.

तोंडाने की कातडीतून?

इस्ट्रोजेनची गोळी स्वस्त, सहज मिळणारी आणि घ्यायला सोपी. पण गिळलेलं औषध आतड्यातून आधी यकृतात जातं, आणि तिथे रक्त गोठवणाऱ्या घटकांचं उत्पादन वाढवतं. त्यामुळे तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी पन्नाशीच्या बाईत मूळ धोकाच थोडा असल्याने दुप्पट झाला तरी तो फार मोठा नसतो. पण वजन बरंच जास्त असेल, ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील, बीपी किंवा मधुमेह असेल, अर्धशिशी असेल, पित्ताशयात खडे असतील, किंवा घरात कोणाला गुठळीचा त्रास झाला असेल, तर ही वाट टाळलेली बरी. कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन थेट रक्तात मिसळतं, यकृताचा तो पहिला फेरा चुकतो, आणि नेहमीच्या मात्रेत गुठळीचा धोका वाढताना दिसत नाही. आपल्याकडे पन्नाशीला मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेलं पोट या तिघांपैकी काही ना काही अनेकींना असतं. तेव्हा 'जेल चालेल का' हा प्रश्न आपणहून विचारायला हवा.

जेल वापरायची म्हणजे काय करायचं? सकाळी आंघोळ करून अंग कोरडं केल्यावर एक किंवा दोन पंप, डॉक्टरांनी सांगितले असतील तेवढे, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरायचे. तेल लावल्यासारखं रगडून जिरवायचं नाही. जितक्या जास्त कातडीवर पसरेल तितकं चांगलं शोषलं जातं. पाचेक मिनिटं वाळू द्यायचं, मग हात साबणाने धुवायचे. स्तनांवर कधीही लावायचं नाही. त्या जागी तासभर तरी तेल, पावडर, सनस्क्रीन काही लावू नये आणि पाणी लागू देऊ नये. घरात नातवंडं असतील तर मांडी बरी, कारण दंडावरची जेल कडेवर घेतलेल्या बाळाच्या अंगाला लागू शकते. साडी नेसणाऱ्यांनाही मांडीच सोयीची, ब्लाउजच्या बाहीला ती पुसली जात नाही.

पॅच कमरेखाली, ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर लावतात आणि प्रकारानुसार आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलतात, दर वेळी जागा बदलून. परकराची नाडी जिथे घासते ती रेघ सोडून लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पॅचचा कोपरा उचकटलेला असतो. मुंबई-रत्नागिरीच्या घामात पॅच सुटण्याची तक्रार नेहमीची. शिवाय आपल्याकडे ते सगळीकडे आणि सतत मिळतीलच असं नाही. सुरू करण्याआधी नेहमीच्या मेडिकलवाल्याला पुढच्या तीन महिन्यांचा माल मिळेल का, ते विचारून घ्या. औषध मध्येच तुटलं की वाफा परत येतात आणि दोष औषधाच्या माथी येतो.

मात्रा कमीत कमीपासून सुरू करतात. गोळी असेल तर १ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल किंवा त्याहून कमी, पॅच असेल तर २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमचा. टिबोलोन ही एकच गोळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्हींसारखं काम करते. ती पाळी जाऊन वर्ष झालेल्यांसाठी. कामेच्छा कमी झाल्याची तक्रार असेल तर तिचा उपयोग होतो, पण साठीच्या पुढे पक्षाघाताचा धोका असल्याने ती टाळतात.

त्रास फक्त खालचा असेल तर

याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. वाफा नाहीत, झोप ठीक आहे. पण योनीमार्ग कोरडा पडलाय, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला जळजळ होते, वर्षातून तीन-चारदा लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स होतो. वाफा काळाबरोबर ओसरतात, हा त्रास मात्र वाढतच जातो. यासाठी सगळ्या शरीराला हॉर्मोन द्यायची गरज नाही. योनीमार्गात लावायचं इस्ट्रिऑल किंवा इस्ट्राडायोलचं क्रीम किंवा छोटी गोळी पुरते. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते नाममात्र जातं, सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि लघवीचे संसर्गही कमी होतात. परिणाम जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून नळी कपाटात टाकू नका. क्रीम सोबतच्या नळीने आत घालायचं असतं, थोडं बोटाने बाहेरच्या भागालाही लावायचं. मुलं मोठी झाली, आता या वयात 'त्या' कारणासाठी डॉक्टरकडे कसं जायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी लघवीच्या जळजळीपासून बोलायला सुरुवात करावी. डॉक्टर पुढचं समजून घेतात.

कोणी घेऊ नये

स्तनाचा कॅन्सर आता असेल किंवा होऊन गेला असेल, कारण न समजलेला रक्तस्राव होत असेल, पूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला असेल, शिरेत गुठळी झाली असेल, यकृताचा आजार चालू असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर शरीरभर जाणारे हॉर्मोन्स सहसा देत नाहीत. यातल्या काही गोष्टी कायमच्या आडव्या येतात. काही दुरुस्त करता येतात, जसा रक्तदाब आटोक्यात आणून मग हॉर्मोन्स सुरू करता येतात. मावशीला किंवा आत्याला कॅन्सर झाला होता, एवढ्याने दार बंद होत नाही. पण आई, बहीण अशा जवळच्या नात्यात कमी वयात झाला असेल तर आधी त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

कॅन्सरच्या धोक्याचा एक हिशेब ब्रिटनमध्ये डॉक्टर बायकांना कागदावर काढून दाखवतात. पन्नास ते एकोणसाठ वयाच्या एक हजार बायका घ्या. पाच वर्षांत त्यातल्या २३ जणींना स्तनाचा कॅन्सर एरवीही होतो. सगळ्यांनी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेतलं तर त्यात चार जणींची भर पडते. सगळ्या लठ्ठ असत्या तर २४ जणींची. आठवड्याला अडीच तास व्यायाम केला तर सात कमी होतात. भारतात मूळचं प्रमाण ब्रिटनपेक्षा कमी आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पण जेलच्या ट्यूबला घाबरणाऱ्या आणि पोटाच्या घेराला न घाबरणाऱ्या बाईने हा हिशेब एकदा नजरेखालून घालावा. औषधाची वर्षं वाढतात तसा त्याच्या वाट्याचा धोकाही वाढतो, हे त्यात धरायचं.

ज्यांना हॉर्मोन्स चालत नाहीत किंवा नकोत, त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन अशी काही नैराश्याची औषधं कमी मात्रेत वाफांवर चालतात, गॅबापेन्टिनही चालतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन टाळायचं. ते टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाला लागू देत नाही. मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर नेमकं काम करणारं फेझोलिनेटंट अमेरिकेत २०२३ पासून वापरात आहे, त्यासोबत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

आणि शतावरी, सोयाबीन, जवस? जवसाची चटणी जरूर खा, चांगलीच असते. पण चाचण्यांमध्ये काहीही औषध नसलेली गोळी दिली तरी वाफा निम्म्याच्या आसपास कमी झालेल्या दिसतात. शेजारणीला एखाद्या चूर्णाने गुण आला, यातलं बरंच गूढ तिथेच उलगडतं. 'नैसर्गिक' लिहिलेल्या डब्यांपैकी ब्लॅक कोहोश आणि अश्वगंधा या दोन्हींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लाळेची तपासणी करून 'तुमच्यासाठी खास' बनवलेले 'बायोआयडेंटिकल' हॉर्मोन्स किंवा कातडीखाली बसवायच्या पेलेट्स कोणी महागात विकत असेल, तर मागे फिरा. शरीरासारखंच इस्ट्राडायोल आणि प्रोजेस्टेरॉन साध्या मेडिकलमध्ये, मात्रेची खात्री असलेल्या पाकिटात मिळतं.

डॉक्टरकडे जाताना आणि नंतर

'हे सगळ्यांनाच होतं, सोसायचं' असं ऐकून परत यावं लागू नये म्हणून दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा. दिवसात किती वाफा, रात्री किती वेळा जाग, कशामुळे काम अडलं, हे कॅलेंडरच्या चौकोनात खुणा करूनही भागतं. 'खूप त्रास होतो' यापेक्षा 'रात्री चारदा उठते, पहाटे पाचला शाळेचे डबे करायचे असतात' हे वाक्य डॉक्टरांना जास्त कळतं. सुरू करण्याआधी रक्तदाब, वजन, साखर, लिपिड, स्तनांची तपासणी आणि वयानुसार मॅमोग्राफी, पॅप तपासणी, पिशवी असल्यास सोनोग्राफी करून घ्यावी. पाळी लवकर गेली असेल, हाड आधी मोडलं असेल किंवा स्टेरॉइड्स घेतले असतील तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅनही.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत वाफा कमी व्हायला लागतात. पूर्ण फरक तीन महिन्यांत कळतो, म्हणून पहिली फेरतपासणी तीन महिन्यांनी. तोवर स्तन थोडे दुखणं, मळमळ, डाग पडणं चालायचंच. पण रोज दोन्ही औषधं घेणारीला सहा महिन्यांनंतरही डाग पडत असतील, किंवा थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तर सोनोग्राफी करायचीच. औषध न घेणाऱ्या बाईला पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तेच. एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, बोलताना जीभ अडखळणं, यासाठी मात्र फेरतपासणीची वाट बघायची नसते, लगेच रुग्णालय गाठायचं.

हॉर्मोन्स गर्भनिरोधक नाहीत, हे अनेकींना ठाऊक नसतं. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायला हवी.

किती काळ घ्यायचं याचा एकच आकडा नाही. पूर्वी पाच वर्षांची रेघ ओढली जायची, आता दर वर्षी बसून ठरवायचं अशी पद्धत आहे : त्रास किती उरलाय, नवीन आजार कोणता आलाय, मात्रा कमी करता येईल का. साठी ओलांडल्यावर गोळी चालू असेल तर जेलवर जाण्याचा विचार करावा. साठीनंतर पहिल्यांदाच सुरू करणं सहसा टाळतात. बंद करताना हळूहळू कमी केलं तर सुरुवातीचे दिवस सुसह्य जातात. पण वाफा परत यायच्या असतील तर त्या दोन्ही रीतींनी येतात, त्यामुळे एकदम बंद केलं म्हणून बिघडलं असं मानायचं कारण नाही. दोन-तीन महिने बघावं, तरीही जगणं अवघड होत असेल तर डॉक्टरांशी बोलून कमी मात्रेत पुन्हा सुरू करता येतं. योनीमार्गातलं क्रीम या हिशेबात धरू नका. ते सत्तरीतही चालू राहू शकतं. आणि बंद करायचं ठरलंच तर एप्रिल-मे सोडून एखादा महिना निवडा. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद केलं तर घाम हॉर्मोनचा की उन्हाचा, हे ना तुम्हाला कळेल ना डॉक्टरांना.